सितारामकाकांचा कटला

कान्हा : पानी हलवू नको. पाय वर घे.

सुलेमान : अरे, कातळ तापलाय यार. सकाळी सातपासून बसलोय, आता एक वाजला. तुझ्या गळाला एक मासा शिवला नाही, दोराला बांधलेला तो चपलीचा तुकडा तसाच तरंगतोय.

कान्हा : कटला दुपारचाच वर येतो. पानी तापलं का तोंड काढतो. बापूस सांगायचा.

सुलेमान : सितारामकाका काय, काय पण सांगायचे.

कान्हा : हसलास ना?

सुलेमान : नाही हसलो.

कान्हा : हसलास. सगली घणसोली हसते. लग्नात पंगतीला बसला का कोनतरी इचारनारच, 'काका, तुमचा कटला केवढा झाला?' पयलं कोनी इचारलं होतं, आठवतंय?

सुलेमान : मी दहावीत होतो रे.

कान्हा : तुमच्या दुकानाच्या पायरीवर. 'थापेकाका' नाव तू पाडलंस, गावानं उचललं.

सुलेमान : मग काय करणार? तळवलीच्या ह्या तळ्यात दीड हात लांब मासा? ते बोलायचे कसे, ते तर आठव.

कान्हा : कसे म्हंजे? शेत सरकारनं घेतलं त्या साली खाचरात बोटभर पिल्लू उरलेलं. ओंजळीत घेऊन हितं आनून सोडलं. 'शेत गेलं, पन ह्यो वाढतोय' एवढंच बोलायचा. दर वर्षी येऊन बघायचा, नि केवढा झाला ते दोन्ही हात असे फाकवून दाखवायचा.

सुलेमान : आता कशी आहे तब्येत?

कान्हा : झटका आल्यापासून उजवा हात उचलत नाय. चार दिवसांपूर्वी शेजारचा वामन आलेला बघायला. त्यानं पन इचारलं, मासा केवढा. बापसानं डावा हात काढला बाजूला, उजवा तसाच पडलेला. वामन बोलला, 'आता अर्धाच राहिला वाटतं.'

सुलेमान : वामनला अक्कल नाही.

कान्हा : त्या दिवसापासून बापूस बोलला नाय. एक शब्द नाय. म्हनून आनलंय तुला. मी बघितला तर लोक बोलतील, थापेकाकाचाच पोरगा. तू न्हावा शेव्याच्या बंदरात माल मोजतोस. तू मोजलास का गाव मानतं.

सुलेमान : आणि नसला तर?

कान्हा : नसला तर नसला. पन मला कलू दे.

सुलेमान : कान्हा.

कान्हा : काय?

सुलेमान : तुकडा कुठे गेला?

कान्हा : गप. हलू नको.

सुलेमान : दोर बघ, पलीकडे चाललाय.

कान्हा : जाऊ दे त्याला. ओढला तर तुटंल. फडका दे, बोटं कापतायत. सुल्या, ह्यो मासा नाय, म्हैस बांधलीय कोनी.

(अर्ध्या तासाने. सुलेमान छातीभर पाण्यात. कान्हा काठावर, दोर मुठीत.)

कान्हा : दिसतोय?

सुलेमान : दिसतोय.

कान्हा : मग बोल ना काय तरी.

सुलेमान : थांब जरा. माझ्या हातांवर आडवा पडलाय. दमलाय, पण भ्यायला नाही. मीच भ्यायलोय. डोकं आमच्या भाताच्या तपेल्याएवढं आहे. खवला बंद्या रुपयाएवढा.

कान्हा : मोज.

सुलेमान : कोपरापासून बोटापर्यंत एक. दोन. अजून शेपूट आहे रे.

कान्हा : परत मोज. नीट.

सुलेमान : दोनदा मोजला. अडीच हात.

कान्हा : बापूस दीड सांगायचा.

सुलेमान : हो. दीड.

कान्हा : मग एवढा कमी का सांगायचा?

सुलेमान : दीडला आपण हसत होतो. अडीच कुणाला सांगणार होते ते?

कान्हा : धरून ठेव, मी येतो पान्यात. सुल्या? दोर ढिला झाला.

सुलेमान : गेला.

कान्हा : तुटला?

सुलेमान : गळ सुटला. मी धरू शकलो असतो, दोन्ही हात त्याच्या खालीच होते. पण आवळायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं हा इथे होता, कान्हा, आणि मी वर रस्त्यावरून जात होतो.

कान्हा : चल, घरी चल.

सुलेमान : असा ओला?

कान्हा : ओलाच चल.

सुलेमान : काकांना काय सांगू? कुठल्या तोंडाने?

कान्हा : काय बोलू नको. नुसता खाटेजवल बस. मासा केवढा, मी इचारतो. डावा हात बापूस आपला उचलंल. उजवा मी धरतो. कुठवर न्यायचा, तेवढं तू सांग.