वरच्या मजल्यावरची पाहुणी

— बॅग कसली भरतेस, सिग्ने? बस आधी, कॉफी गार होतेय. दोन आठवडे म्हणून आलीस नि अख्खा हिवाळा काढलास, मग आताच काय बिघडलं? व्हॅलेटासारखं निवांत गाव आहे का दुसरं? म्हणायला माल्टाची राजधानी, पण या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला ऐकू जातं! सकाळी खडकांपाशी पोहतेस, दुपारी माझ्या सज्जात बसून बोटी चितारतेस, भूक लागली की कोपऱ्यावरचे चीज भरलेले गरम गरम पास्तित्सी — आणि गालांवर रंग आलाय बघ. आलीस तेव्हा कशी होतीस! सारखी त्या मोबाइलवर. समुद्रात पडला ते बरंच झालं.

मी? मी कशाला बाहेर पडू? सगळं दिसतं की इथून! गुडघे गेलेत, आणि जिना हा असा उभा — गेल्या ईस्टरला उतरले, तर शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर आणलं. लाजच वाटली. तेव्हापासून नाही उतरले. दोरीला टोपली बांधून खाली सोडते, पाववाला नीनू त्यात पाव टाकतो, वर ओरडतो, "व्हितोरिन, आहेस का गेलीस?" — चाललंय. विस्तिन म्हणतो, आई, वृद्धाश्रमात बाग आहे, नर्स आहेत. बाग म्हणे! माझाच मुलगा, वाईट नाहीये तो, पण हल्ली घरात आला की माझ्याकडे कमी नि भिंतींकडे जास्त बघतो. हे घर विकत घ्यायला बघणाऱ्या एका हॉटेलवाल्याला घेऊन आला होता — तो माणूस बुटांसकट माझ्या पलंगावर चढला, छत ठोकून बघायला! मी तिथंच उभी. आणि विस्तिन? तो खिडक्या मोजत होता. मग तू आलीस. भाडेकरू असलेलं घर त्यांना नकोय गं, म्हणून थांबलेत. तेव्हा उन्हाळाही काढ. भाडं नको देऊस. खरंच नको.

आणि घाई कसली तुला? तिकडे कोण खोळंबलंय? बहीण? तिचं सगळं नीट आहे, नवरा आहे, सासू आहे, आता तर बाळही —

नाही, म्हणजे — होणारच होतं ना बाळ.

असं बघू नकोस माझ्याकडे. मुलगी झाली. हो, इथल्या फोनवर आला होता तिचा फोन. रविवारी. नाही — त्याच्या आधीच्या रविवारी. तू पोहायला गेली होतीस. जरा लवकर झाली, पण दोघी बऱ्या आहेत, मी दोनदा विचारलं. रडत होती. "सिग्नेला पाठवा, मला ती हवीय," म्हणाली. सांगणार होते गं. रोज सांगणार होते! तू ओल्या केसांनी गाणं गुणगुणत वर यायचीस, मला वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे — उद्या सांगू.

ओरड ना. ओरड हवं तर. ती बॅगेची चेन अशी ओढू नकोस, तुटेल.

बरं. जा. संध्याकाळचं विमान मिळेल. पोरीचं नाव काय ठेवलं ते मी विचारलंच नाही — तू विचार. आणि जिन्यात पावलं वाजतायत ना, तो विस्तिनच. त्यानं खोलीचं विचारलं तर — सांग. रिकामी झाली म्हणून सांग. नाही, दार लोटू नकोस. तो येतोच आहे.