कॅमेऱ्यासमोरची चादर

वॉर्डातल्या पडद्यापलीकडून मायलेकींचं बोलणं ऐकू येत होतं. मुलीच्या डोक्याला वायरी होत्या, समोर कॅमेरा. फिट टिपली गेली की मगच मेंदूचं ऑपरेशन ठरणार होतं.

“आई, काल फिट आली तेव्हा माझ्यावर चादर टाकलीस?”

“हाताला सवयच झालीये गं.”

“अगं, आधी हात वळतो की तोंड, हे पाहून कुठे कापायचं ते ठरवणार होते! कॅमेऱ्यात नुसती चादर दिसतेय. आता पुन्हा फिटची वाट बघा.”

“सफाईवाली आली होती ना तेव्हा.”

“मग?”

“तिनं पाहिलं असतं तुला.”

“आणि मला लहानपणापासून वाटायचं, फिटमध्ये मला थंडी वाजते म्हणून पांघरतेस.”

“…सिस्टर, ही चादर घेऊन जा हो. माझ्या हाताशी नका ठेवू.”