कारण अजून ठरलेलं नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय भगवंतराव, मंचावरील सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टर धम्मशीला मॅडम, आपल्या ग्रामीण रुग्णालयाचे कर्मचारी आणि खाली सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बायाबहिणींनो,

मी संजीवनी. धाड गावाकडच्या एका शाळेत शिकवते. इथं उभी आहे ती मॅडमची पेशंट म्हणून. आधीच्या वक्त्यांनी मॅडमना मायाळू म्हटलं, शांत म्हटलं. मायाळू खऱ्या. पण शांत? अध्यक्षमहाराज, आपण यांच्या तावडीत कधी सापडला नाहीत, एवढंच म्हणते.

माझा डावा डोळा वर पाहताना आजही एकाचे दोन दाखवतो. माझ्या नवऱ्यानं, गोकुळनं, एका हातानं माझी दोन्ही मनगटं पिळून धरली आणि दुसऱ्या हाताची मूठ डोळ्यावर हाणली. का? शाळेतून यायला उशीर झाला म्हणून. बांगड्या पिचून काचा मनगटात घुसल्या. नाक शिंकरलं, तर डोळ्याखालची कातडी टम्म फुगली. पुढचं सांगत नाही, मंडळींना अजून जेवायचं आहे.

सासूबाईंनी माझं तोंड धुतलं, साडी बदलली आणि त्या जखमांवरूनच दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या चढवल्या. "भुंड्या हातानं दवाखान्यात जात असतेत काय सवाशीण बाया? अन् गव्हाणीवर पडली म्हून सांगजो."

मी तेच सांगितलं. दवाखान्यात मोडलेल्या हाडाचा एक कोड असतो आणि ते कशानं मोडलं त्याचा दुसरा. तिथं नोंदी भरणाऱ्या दीपकभाऊंनी संगणकात पहिला टाकला डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडल्याचा आणि दुसरा पडण्याचा. त्यांना जे सांगितलं, तेच त्यांनी भरलं.

मॅडमनी सासूबाईंना बाहेर बसवलं. माझे तळहात पाहिले, गुडघे पाहिले. कुठंच खरचटलेलं नव्हतं. मग बांगड्या वर सारल्या. "पडलीस, तर एकही बांगडी कशी पिचली नाही? आणि बांगड्या शाबूत, तर हे काप कशाचे?"

मी मान खाली घालून पुन्हा म्हटलं, पडले. रात्री त्याच घरात निजायचं होतं ना!

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "तू म्हणतेस ते तुझ्या तोंडचं म्हणून लिहिते. मला दिसलं ते माझ्या सहीनं लिहिते. पण कारण म्हणून पडणं मी ठेवणार नाही." त्यांनी तो कोड काढायला लावला, कारण अजून ठरलेलं नाही असं नोंदवलं आणि पोलिसांना कळवलं.

हे ऐकून बाहेर थांबलेला गोकुळ आत घुसला. टेबलावर अशी मूठ आपटली, की काच तडकली. "पडली म्हून लिहा ना! काऊन कीस काढून राह्यल्या?" मॅडमनी त्याच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "हात दाखवा. तोही तपासते आणि लिहून ठेवते." तो हात खिशात घालून चालता झाला.

पोलीस आले, त्यांनाही मी पडलेच म्हटलं. दिवाळीनंतर त्यानं पुन्हा मारलं, वरवंट्यानं, जबड्यावर. या खेपेला मी रक्तानं भरलेल्या साडीत, भुंड्या हातानं, जीप धरून एकटी आले. "मॅडम, आता कारण लिहा. डोळ्याचंही."

कोर्टात त्याच्या वकिलानं विचारलं, बाई तेव्हा पडले म्हणत होती, मग आज ही खोटी की तेव्हा? मॅडमनी जुनी नोंद वाचून दाखवली. तळहात स्वच्छ, बांगड्या नव्या, मनगटांवर काचेचे ताजे काप. कारण ठरलेलं नाही. तिथं पडणं लिहिलेलं असतं, तर माझं कोणी ऐकलं असतं? गोकुळला शिक्षा झाली.

मॅडम, तुमच्या खुर्चीवर येणाऱ्या डॉक्टरांना एवढं शिकवूनच जा, ही विनंती. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे उपकार मानते. आनंदाच्या कार्यक्रमात मारामारीचं बोलले, जीभ जरा सैल सुटली. काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

बायांनो, मार मात्र पोटात घालू नका.