एक नंबरचं बटण

—नाही, डबा खुशाल काढा, पण आधी एक सांगा. टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणारी माणसं ना तुम्ही? मग ‘ध्रुवापार’ बंद का झाली? चॅनेलवाले म्हणतात, कुणी बघतच नव्हतं. कुणीच नाही? अहो, ऐंशी वर्षं भरकटलेलं यान परत येतं, कप्तानबाई स्वतःच्या घराची कडी वाजवते, आतून पावलं ऐकू येतात—आणि मालिका खलास! दार उघडलं कुणी? पत्ता नाही. बंद होणार कळलं तेव्हाच तीन पत्रं लिहिली मी चॅनेलला. तुमचं माप खोटं आहे, म्हटलं. मापातलं कळतं हो मला—तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो, तराजूखाली लोहचुंबक चिकटवणारा दुकानदार त्याच्या तोंडावरून ओळखायचो.

बसा, स्क्रू कुठे पळून जात नाहीत. मुलगी माझी लांब असते. लग्नावरून वाजलं आमचं—तिनं तिच्या मनासारखं केलं, मी गेलो नाही. दोन वर्षं अबोला. मग एकदा तिचाच फोन—“बाबा, ध्रुवापार बघता का?” म्हटलं, मला दुसरे उद्योग नाहीत का? पण बघितली—सहज हो, नजर टाकावी म्हणून. तेव्हापासून दर बुधवारी पावणेनऊला, भाग संपला की फोन. तिनं करायचा, मी उचलायचा, असंच पडून गेलं. जावयाचा विषय नाही, लग्नाचा नाही—नुसतं यान, इंधन, कप्तानबाई. पण अर्धा-अर्धा तास! आणि गेल्या बुधवारी? फोन आला, पण भागच नव्हता. “आता काय बोलायचं, बाबा?” म्हणाली, आणि ठेवला.

हा कसला कागद? आमच्याच घराचा? बघू—बुधवार, आठ ते पावणेनऊ, बटण नंबर एक, बातम्या. हो, बघणाऱ्यानं आपल्या नंबरचं बटण दाबायचं, त्यात एक नंबर मीच. म्हणजे—बातम्या इथे लागलेल्या असायच्या. मी आत स्वयंपाकघरात, मुलीचा जुना लॅपटॉप पिठाच्या डब्याला टेकवून, कानात इअरफोन. मग बटण का दाबलं? अहो, डबा बसवताना तुमचेच साहेब म्हणाले ना, तुमचं एक घर म्हणजे आम्ही वीस हजार घरं धरतो! एवढी जबाबदारी अंगावर, आणि निवृत्त निरीक्षक मालिकेतला यंत्रमानव मेला म्हणून डोळे पुसतो, ही नोंद ऑफिसात जाऊ द्यायची? म्हणून रिकाम्या खुर्चीपुढे बातम्या लावायचो, एक नंबर दाबायचो आणि आत जायचो. दर बुधवारी. पत्रं लिहिली त्या बुधवारीसुद्धा.

हसू नका. काय? सगळ्याच डब्यांत बुधवारी आठला बातम्या? सगळ्याच? म्हणजे काय, सगळं गावच स्वयंपाकघरात बसलं होतं की काय?

असू द्या, त्यांचं ते बघतील. माझी वीस हजार घरं मीच बुडवली. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि स्वतःच्या घरात—एका बोटानं—मुलीचा फोन बंद केला. लाज वाटते हो, खरंच लाज वाटते.

काढा तो डबा. वायरही न्या. तिला कळलं तर? चिडेल. मग हसेल—जावयाला हाक मारून सांगेल, दोघं मिळून हसतील माझ्यावर. हसू देत! अर्धा तास तरी सहज जाईल. झालं ना तुमचं? मग निघा आता. नाही, बुधवारचे पावणेनऊ वाजायची वाट नाही बघणार—आज फोन मी करणार आहे.