कडू गर

(पाटोदा. संध्याकाळी सत्यभामाच्या ओसरीवर. गावच्या बायकांनी मिळून काढलेल्या सीताफळ-गर उद्योगाची अध्यक्ष उज्ज्वला तिच्याकडे आली आहे.)

सत्यभामा : मग आता कशापायी आल्या, ताई? दोन सालाखाली तुमीच म्हनल्या, गर-बी येगळं करायच्या मशिनीत कच्ची फळं घातली म्हणून गर कडू झाला, घरी बसा. बसले की.

उज्ज्वला : यंदा पुन्हा कडू निघाला, भामाबाई. सगळा माल फेकावा लागला.

सत्यभामा : मशिनीवर कोन व्हतं?

उज्ज्वला : अल्ताफभाईंची मेहेक. पण फळं मी स्वतः निवडून दिली होती. एकही कच्चं नव्हतं.

सत्यभामा : म्हंजे माझीबी कच्ची नव्हती.

उज्ज्वला : नव्हती. तेच सांगायला आले.

सत्यभामा : मग गर कशानं कडू झाला?

उज्ज्वला : मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.

सत्यभामा : मला कसं ठावं आसंल? मशिनीपाशी राहू दिलं आसतं तर हुडकलं आसतं. मेहेकला इचारलं का?

उज्ज्वला : बाकीच्या म्हणतात, काढून टाका तिला. मी सोबत आणलीय, पण आत यायला घाबरते.

सत्यभामा : ये गं मेहेक, बस हितं. काय दिसलं तुला त्या दिवशी?

मेहेक : कायच न्हाई, मावशी.

सत्यभामा : मी तर काढलेलीच हाय. माझ्यापुढं कशाला भेतीस?

मेहेक : दिसलं न्हाई, पण आवाज येत होता. कटकट, कटकट. गर कडू निघायच्या आधीपासूनच.

उज्ज्वला : आणि तू बोलली नाहीस?

मेहेक : बोलले असते तर माझ्यावरच आलं असतं. मावशीचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय ना, ताई.

सत्यभामा : थांब जरा. तसाच आवाज मलाबी येत व्हता! मला वाटलं, पट्टा ढिला झालाय. फळं कुठली व्हती गं?

मेहेक : डोंगराकडची. शेवटच्या तोडणीची, लई बारकी.

सत्यभामा : माझीबी शेवटचीच व्हती. बारक्या फळाचं बी बारीक.

उज्ज्वला : म्हणजे ते पात्याखाली शिरून फुटत असेल. अन् बी फुटलं की गर कडू.

सत्यभामा : तसं आसंल, न्हाईतर दुसरंच काही. उद्या थोडी फळं घालून बघू. समद्या बायकांपुढं.

उज्ज्वला : मशीन तुम्हीच चालवा.

सत्यभामा : मेहेक चालवंल. मी बाजूला उभी राहते.

मेहेक : आन् पुन्हा कडूच निघाला तर?

उज्ज्वला : तर मला हाक मार. मी आधी ऐकून घेईन.