अंगात आली ती कोण

माझं माहेर देवगाव रंगारी, सासर हे करमाड, अन् नोकरी शहरात, औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात. नाव शोभा. माहेरी सहा भावंडांत मी चौथी, म्हणजे कोणाच्या लक्षात बी न राहणारी. लग्न होऊन इथं आले. आमचे हे शेंद्र्याला कंपनीत लागले तव्हा मी म्हणलं मी बी घरी बसून काय करू, अन् दुकानात लागले. सकाळी जालना रोडला बस धरायची, दिवसभर गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक गेलं की परत घड्या घालायच्या. बाई एक साडी घेती अन् पन्नास उलगडायला लावती, तुम्ही बी तेच करत असाल म्हणा.

दुखणं तिथंच लागलं. दिवाळीची गर्दी होती, वरच्या फळीवरचा गठ्ठा मी ओढला, तो आला अंगावर अन् कंबरेत कटकन झालं. डॉक्टरनं कॅप्सूल लिहून दिल्या, म्हणले लई जोराच्या हायेत, दहाच दिवस घ्या. काय सांगू तुम्हाला, त्या कॅप्सूलनं कंबर दुखायची तर थांबलीच, पण आत्याचं बोलणं बी लागंना. आत्या म्हणजे माझी सासू, आमच्यात सासूला आत्याच म्हणतेत. आधी ती बोलली की मला दिवसभर टोचायचं, आता शेजारच्या घरात कोणीतरी बोलू राहिलं असं वाटायचं. दहा दिवसांचे चार वर्षं झाले. पहिलं पहिलं तीच जुनी चिठ्ठी दाखवायचे, मंग मेडिकलवाला वळखीचा झाला, चिठ्ठी बी विचारंना. एकाच्या दोन, दोनाच्या चार. नशा म्हणजे दारू, गांजा, असं माझ्या डोक्यात. मी तर कधी मिसरी बी लावली नाय. मेडिकलात मिळतं ते औषधच असतंय ना? तुम्हीच सांगा. मी औषध कव्हापर्यंत घेत होते अन् नशा कव्हा करू लागले, मला अजून बी कळत नाय.

मंग ते नवरात्र आलं. मेडिकलवर तपासणी लागली म्हणून त्यानं देणं बंद केलं, दोन दिवस माझ्याकडं एक बी कॅप्सूल नव्हती. आरतीला देवळात गेलो, मी, आत्या, आळीतल्या बाया. संबळ वाजू राहिलं अन् मला जांभया सुरू झाल्या, एकामागं एक, डोळ्याला पाणी, नाकाला पाणी, अंगावर काटा, मंग हातपाय लटलट कापू लागले. आमच्याकडं अंगात यायचं असलं की आधी जांभया येतेत, हे लेकराला बी म्हाईत हाय. झालं. बायांनी मला धरलं, केस सोडले, मळवट भरला, ओटी भरली, आई आली, आई आली. अन् आत्या, जिनं चौदा वर्षांत मला कधी पाणी घे म्हणलं नव्हतं, ती माझ्या पायावर डोकं ठेवून रडू राहिली.

आता तुम्ही म्हणसाल बाई नाटक करत होती. नाटक नव्हतं ओ. अन् अजिबात नाटक नव्हतं असं बी छातीवर हात ठेवून सांगता येत नाय. मला बी वाटलं, आली असंल. तव्हा आत्यानं विचारलं, आई, माझा गणेश कधी येईल? गणेश म्हणजे माझे धाकटे दीर, भावजी. सासऱ्यांसंग भांडून पुण्याकडं गेले ते सात वर्षं झाले, फोन नाय, पत्ता नाय. हायेत का नाय ते बी कोणाला म्हाईत नाय. अन् माझ्या तोंडातून शब्द गेला, येईल, दारात येईल. मी बोलले का कोण बोललं, मला सांगता येत नाय.

दुसऱ्या मेडिकलात कॅप्सूल मिळाल्या. पण आत्या आता दर पौर्णिमेला मला पाटावर बसवू लागली. आदल्या दिवसापासून कॅप्सूल नाय घेतली की संध्याकाळी येतंय, हे मला कळलं होतं. म्हणजे कळलं होतं अन् नव्हतं बी. बाया यायच्या, पाया पडायच्या, त्या दिवशी मला घरात ताट वाढून मिळायचं. दुसऱ्या दिवशी मी दुप्पट घ्यायचे. असंच एकदा घेऊन दुकानात गेले अन् गिऱ्हाइकापुढंच फेफरं आलं, हातात उलगडलेली पैठणी होती म्हणे.

मंग सरकारी दवाखाना. तिथल्या मॅडमनं ह्यांना समजून सांगितलं, की हिला कॅप्सूलची सवय लागली, हा आजार हाय, याला इलाज हाय. ह्यांनी केसपेपर घडी घालून खिशात ठेवला. मंग म्हणले दर गुरुवारी सुट्टी टाकतो, मीच घेऊन येत जाईन, अन् आणलं बी. रोज जिभेखाली ठेवायची एक गोळी दिली, ती विरघळस्तोवर गिळायचं नाय, बोलायचं नाय. गुरुवारी सगळ्यांनी गोल बसून आपापलं सांगायचं, त्यात बाई मी एकटी. मी मॅडमला म्हणलं, गोळी सोडायला परत गोळीच? ही बी नशाच की. त्या म्हणल्या शोभाताई, त्या कॅप्सूल घेऊन तुम्ही पडलात, ही घेऊन तुम्ही घड्या घालताय, फरक बघा, अन् मनानं बंद करू नका, हळूहळू आपण मिळून कमी करू. पटलं बी अन् नाय बी पटलं.

त्या गोळीनं कापरं गेलं, जांभया गेल्या, अन् पौर्णिमा कोरडी गेली. दुसरी बी. आत्या म्हणली त्या दवाखान्यानं आईला घालवलं, आता माझ्या गणेशचं कोण सांगंल? तिसऱ्या पौर्णिमेला हे कंपनीच्या कामानं बाहेरगावी होते, अन् माझी गोळ्यांची डबी गायब. विचारलं तर आत्या म्हणे मला काय म्हाईत. दवाखान्यात जायला पाहिजे होतं मी. पण खरं सांगते, मला बी वाटलं, बघू तरी, खरंच येती का.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीच्या दारात पडले होते. जुलाब, उलट्या, हाडं पिळून निघू राहिले. ना संबळ, ना कुंकू, गॅसवर दूध ठेवलेलं. आत्या आली अन् त्या घाणीतच हात जोडून बसली. आई, आलीस का? माझा गणेश कुठं हाय? येईल म्हणणं लई सोपं होतं. म्हणलं असतं तर जन्मभर ताट वाढून मिळालं असतं. पण मी म्हणलं आत्या, मी शोभा हाय, कोणी नाय आलं, मला गोळी द्या, मला मरायचं नाय. तीनदा म्हणलं. देवळातलंच कापरं, त्याच जांभया, तिनं वळखलं. उठली, ज्वारीच्या कोठीतून डबी काढली अन् आपल्या हातानं माझ्या जिभेखाली गोळी ठेवली. दूध उतू गेलं तरी जागची हलली नाय.

त्याला आता वरीस होईल. गोळी अर्ध्यावर आली. कंबर दुखती, पण साध्या शेकानं भागवते. रोज सकाळी आत्याच गोळी देती अन् विरघळस्तोवर समोर बसती. एकदाच म्हणली, मंग त्या दिवशी गणेश येईल म्हणलं ते कोण? जिभेखाली गोळी होती, बोलता येईना. विरघळली तव्हा मी पिशवी उचलून बस धरायला निघाले.

देवळात जाते मी, मागं उभी राहते. देवी होती का नव्हती, मला नाय ठाव. मॅडम म्हणतेत ते कॅप्सूलचं कापरं होतं. असंल. पण शब्द तर माझ्याच तोंडातून गेला ना ओ, म्हातारीला आशा मीच लावली. आता दारापुढं गाडी थांबली की आत्या उठायच्या आधी मीच उठते अन् बाहेर जाऊन बघते.