निळी जीप

मिरवणुकीसाठी जुन्या लष्करी गाड्या चौकात ओळीनं उभ्या होत्या. पावाच्या रांगेतल्या ओदीलचे कान मात्र सोलांजकाकूंच्या जीपकडे होते. मिरवणूक लावणारा बेर्त्रां तिथं डाफरत होता.

“काकू, लष्करी जीप कधी निळी असते का?”

“बापानं रंगवली होती. महायुद्ध संपल्यावरही हिरवी गाडी दिसली की आई तळघरात पळायची. गंज खरवडून मी तोच निळा दिलाय.”

“हिचा मूळ रंग हिरवा. आपल्या नॉर्मंडीसाठी लढलीय ही!”

“लढली वर्षभर. पुढं तीस वर्षं आमचं दूध वाहिलं, त्याचं काय?”

“नियम म्हणजे नियम. ओळीतून काढा गाडी.”

“तूच काढ ना ढकलून! ब्रेक मी स्वतः बसवलेत. बघू हलते का.”